पाणी दिलं हुतं

ज्यांना ही हकिकत खोटी वाटेल त्यांनी ती अवश्य खोटी मानावी. मला तसे मानता आले असते, तर मी स्वतःस भाग्यवान समजलो असतो.

सन १९४३. वैशाख महिना. स्थळ अहमदनगर शहर. आणि वेळ रात्रीची नव्हे...

भर दुपारची.

माझे थोरले बंधू दानीएल हे त्या काळी मोटारीच्या एका कारखान्यात पारखी होते. महायुद्धामुळे विलायतेचे सुटे भाग येणे बंद झाले होते. सबब, जुन्या सांगाड्यांवर लॉऱ्या उभ्या करीत, आणि त्यांस लागणारा माल आसपासच्या लोहारांकडून घडवून घेत. मोटारीचा सारा भार ज्या पोलादी पाट्यांवर तोललेला असतो, ते पाटे तिसगावचे सहादेव लोहार पुरवीत असत.

पाटा घडवला, की तो लालभडक असतानाच पाण्यात बुडवावा लागतो. यास पाणी देणे म्हणतात. पाणी नीट बसलेला पाटा घंटेसारखा वाजतो. न बसलेला बद्द वाजतो, आणि भाराखाली मोडतो. दादांचे काम एवढेच, की प्रत्येक पाटा टांगावा, त्यावर हातोडी मारावी आणि कान द्यावा.

मालक काकासाहेब आणि सहादेव यांची मने एकमेकांविषयी साफ नव्हती. मालक म्हणत, लोहार चांगले पोलाद घरी ठेवतो आणि भंगार घडवून देतो. सहादेव म्हणत, माझा माल तुमीच बिघडवता आन नाव माझं घेता. म्हणून ते प्रत्येक पाट्यावर छिन्नीने आपली खूण उमटवीत.

त्या वैशाखात करंजीच्या घाटात एक लॉरी पाटा मोडून उलटली. ड्रायव्हर गोरक्षनाथ याचा पाय कायमचा गेला.

मोडलेल्या तुकड्यावर सहादेवांची खूण होती.

मालकांनी सर्वांदेखत तो तुकडा त्यांच्या पुढ्यात टाकला. "काय सहादेवा, पाणी द्यायचं विसरलास, का तिसगावची विहीर आटली?"

सगळे हसले.

"पाणी दिलं हुतं, मालक. दानीएलभाऊंनी वाजवून घेतलाय. त्यांनी ऐरणीवर हात ठिवून सांगावं. लोहाराला ऐरणीपरीस मोठा देव न्हाई. ते बद्द म्हनले, तर म्याच बद्द."

दादांस सर्व ठाऊक होते. पाटा आला तेव्हा खणखणीत वाजला होता. परंतु तो सांगाड्यावर बसेना. तेव्हा मालकांच्याच हुकुमाने तो पुन्हा भट्टीत घालून वाकवण्यात आला, आणि तसाच मातीत गार होऊ दिला. त्याचे पाणी तेथेच उतरले.

"सांग की, दानीएल," मालक म्हणाले. त्यांचे डोळे मात्र निराळेच सांगत होते.

दादा म्हणाले, "आम्ही ख्रिस्ती माणसे. आमच्यात शपथ वाहत नाहीत."

"मंग नका वाहू, भाऊ. नुसतं सांगा. व्हय का न्हाई, येवढंच."

दादा गप्प राहिले.

त्या मौनाचा अर्थ लोकांनी आपापल्या सोयीने लावला. पुढे सहादेवांचा माल कोणी घेईना. त्यांना ज्वर भरला. शेवटच्या दिवशी ते एकच वाक्य बोलत होते, "पाणी दिलं हुतं... पाणी दिलं हुतं..." भोवतालच्या माणसांस वाटले, तहान लागली आहे. त्यांनी तोंडाला तांब्या लावला. सहादेवांनी मान फिरवली.

तशीच फिरलेली राहिली.

त्यानंतर कारखान्यात प्रकार सुरू झाला.

दुपारी सगळे जेवायला घरी जात. दादा एकटेच तेथे भाकर खात. पत्र्याखाली चिमण्यांचा कलकलाट असे. एके दिवशी तो एकाएकी थांबला.

आणि मागच्या बाजूने आवाज आला...

ठण्ण...

ऐरणीवर एकच घाव. दुसरा नाही. जणू कोणी प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहत आहे.

दादा मागे गेले. कोणी नव्हते. भट्टी थंड होती.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

मग आणखी विपरीत घडले. दादा पाट्यावर हातोडी मारीत. हाताला झिणझिण्या येत. परंतु कानांवर काहीच नाही. शेजारचा भीमा म्हणे, "झ्याक वाजला की वो!" दादा मान डोलावीत आणि पाटा पुढे सारीत. कित्येक माणसांचे जीव त्या पाट्यांवर तोलले जाणार होते, आणि माझा भाऊ केवळ अंदाजाने होय म्हणत होता.

शेवटी एका दुपारी घाव पडताच ते धावत गेले.

ऐरणीवर ओल्या हाताचा ठसा होता.

त्या उन्हात लोखंडावरचे पाणी क्षणात वाळावे... ते वाळत नव्हते. आणि ठशाशेजारी आणखी एका हातापुरती जागा कोरडी होती.

दादांनी तेथे आपला हात ठेवला. ते बोलले, "होय. पाणी दिले होते." पुढे भट्टीचे, मालकांचे, सर्व काही बोलले.

ओठ हलले. कंठ हलला.

आवाज निघाला नाही.

दिवस मावळल्यावर त्यांस वाचा आली. ते मला म्हणाले, "जॉर्ज, उद्या माझ्याबरोबर तिसगावला चल. राहीबाईंना माझ्या तोंडाने सांगितल्यावाचून मला अन्न गोड लागणार नाही."

सहादेवांची पत्नी राहीबाई दारात बाजरी पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली आणि त्या म्हणाल्या,

"परत आलात?"

"बाई, मी आजच येत आहे."

"आजच? काल दुपारी ह्याच उंबऱ्याशी हुबं ऱ्हाऊन बोललात की! पाणी दिलं हुतं म्हनलात. भट्टीचं, मालकाचं, समदं सांगितलंत. मधी कुठं अडला न्हाई. अंग मातर चिंब भिजल्यालं, येवढ्या उनात. बसा म्हनलं, तर बसला न्हाई."

दादांनी 'तो मी नव्हे' असे म्हणावयास तोंड उघडले... आणि मिटून घेतले. तसे म्हटले असते, तर त्या माउलीस मिळालेले समाधान हिरावले गेले असते. माझा भाऊ पुन्हा एकदा गप्प राहिला.

मग राहीबाईंनी माझ्याकडे पाहिले.

"ह्येच का धाकलं? जॉर्ज?"

माझे नाव तेथे कोणी उच्चारलेले नव्हते.

"होय," मी म्हणालो.

"ह्यांचंबी सांगितलंत तुमी काल."

"माझे? माझे काय?"

सूप थांबले.

"तुमाला ठावं न्हाई? मंग म्या कशाला बोलू? माफ केलंय म्या. जावा आता, उनं चढत्यात."

त्या आत गेल्या. दार लावून घेतले.

वाटेत मी दादांस पुष्कळ विचारले. माझ्याविषयी त्यांस काहीही ठाऊक नव्हते, आणि ते खोटे बोलत नव्हते. मी मिशनच्या बागेत माळीकाम करणारा मनुष्य. त्या कारखान्यात मी कधी पाऊल टाकले नाही. सहादेवांस मी पाहिलेलेही नव्हते.

पुढे मी दोनदा तिसगावला गेलो. राहीबाईंनी मला पाणी दिले, गूळ दिला. उत्तर दिले नाही. मग त्याही गेल्या, आणि दादाही गेले.

मी माझे सारे आयुष्य उलटेपालटे करून शोधले. कोणाचे वाईट केले, कोठे बोलायचे तेथे बोललो नाही, कोठे हसायचे नव्हते तेथे हसलो... पुष्कळ सापडले. परंतु ते त्यातले कोणते, हे कळत नाही.

मला क्षमा झालेली आहे.

अपराध कोणता, ते मात्र सांगणारे आता कोणी उरले नाही.