काचेवर उमटलेले उत्तर

उर्वशी भाड्याच्या खोलीत राहायला आली, तेव्हा स्वयंपाकघरात एक अनोळखी तरुण स्टुलावर उभा राहून खिडकीची तेलकट काच घासत होता. बादलीत काहीतरी फसफसत होते.

"पंखा बसवाले आलो, मॅडम. मी धम्मदीप. काच लय चिकट हाये, म्हणून सोड्यात व्हिनेगर टाकलं. डबल साफ होते."

"होत नाही," कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी उर्वशी म्हणाली. "दोन्ही एकमेकांना निकामी करतात."

"पण फसफसते तं जोरात."

"फसफसणे म्हणजे काम होणे नव्हे."

तिने गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि भांड्यांचा साबण कालवला. तपकिरी थर ओघळू लागला.

"यवतमाळलेच राह्यता ना आता?"

"पुसदच्या कॉलेजने बोलावले आहे. पुढच्या सोमवारी कळवायचे आहे."

ती पाणी आणायला गेली, तरी तो काच पुसतच राहिला.

दुसऱ्या संध्याकाळी भात रटरटू लागला, काच धुरकटली — आणि त्या धुरकटपणात दोन शब्द मोकळे झाले: जाऊ नका.

खिडकी दुसऱ्या मजल्यावर होती. बाहेर उभे राहायला जागा नव्हती.

"आधीची भाडेकरीण, एवढीशी बाई, त्या ओट्यापाशीच मेली," घरमालकीण इंदूबाई हळूच म्हणाल्या. "एकटीले भेव वाटे तिले. तीच असन."

उर्वशीच्या अंगावर काटा आला. तिने काच कोरड्या फडक्याने पुसली. तिसऱ्या संध्याकाळी शब्द परत आले.

मग तिने कोपऱ्यात साबणपाण्याचा एक ठिपका दिला, पुसला आणि आधण ठेवले. ठिपका मोकळाच राहिला. साबणाचा थर असतो तिथे वाफेचे थेंब धरत नाहीत. द्रावण तिचे, बोट कोणाचे, हेही उघड होते. भीती गेली. धडधड मात्र राहिली.

रविवारी धम्मदीप पंखा तपासायला आला. तिने चहा ठेवला. काच धुरकटली. जाऊ नका. त्याखाली: नाही जात.

त्याचा चेहरा पांढरा पडला. "मॅडम… वरचं म्या लिहलं. खालचं नाही."

"खालचे मी लिहिले."

 तो हसला, आणि हसता हसता थांबला. "अन् तो पंजा?"

काचेच्या तळाशी एक लहानसा तळहात मोकळा झाला होता. उर्वशीने आपला हात जवळ नेला, मग त्याचा. दोन्ही मोठे पडले.

यालाही कारण असणारच. ते शोधायला हात मोकळा हवा होता; तिने त्याचा हात सोडला नाही.