नजलाच्या दोरीवरचा निळा शर्ट

मावशीचं आजारपण काढून नजला कैरोला परतली, शुब्रातल्या आपल्या गल्लीत शिरली आणि जागीच थबकली. तिच्या कुलूपबंद घराच्या बाल्कनीत धुणं वाळत होतं... तेही पुरुषाचं! एक निळा शर्ट तर वाऱ्यावर ऐटीत डुलत होता.

"अगं लबाडे!" तळमजल्यावरच्या उम्म हाशिमनं आनंदानं जीभ हलवत, लग्नघरात बायका घालतात तशी किलकारी ठोकली आणि कबुतरं उडाली. "गुपचूप लग्न उरकलंस? आम्हाला लग्नाचं सरबतसुद्धा नाही?"

"लग्न? माझं?"

पण बोलत बसायला वेळ होता कुठे! आज कोर्टाचा माणूस पाहणीला येणार होता. वडिलांपासूनचं हे जुन्या भाड्याचं घर. भाडेकरूनं ते बंद करून सोडलं असं ठरलं, तर मालकाला परत मिळणार. घरमालक हाजी मुतवल्लींनी नेमका तोच दावा ठोकला होता. या धास्तीनं बिचारीची झोप उडाली होती.

धापा टाकत ती बाल्कनीत गेली. शेजारच्या बाल्कनीतून, तोंडात चिमटा धरून, ओली विजार तिच्या दोरीवर टाकत होता वाइल. खुद्द हाजींचा मुलगा!

"हे काय चाललंय?"

"धुणं वाळतंय."

"माझ्या दोरीवर?"

"बंद घरात धुणं वाळतं का कधी? बाबा रोज वर बघतात, रोज चरफडतात."

"अरे, पण सगळी गल्ली माझं लग्न लावून बसलीये!"

"हो... ऐकलं." त्याचे कान लाल झाले. "मी... कुणाला नाही म्हटलं नाही."

नजलाला रागवायचं होतं, खूप रागवायचं होतं. पण तिचं लक्ष आपल्या मोगऱ्याच्या कुंडीकडे गेलं. माती ओली होती, कळ्या धरल्या होत्या. तिनं एक कळी बोटानं हलकेच चाचपली.

तेवढ्यात दार वाजलं. कोर्टाचे साहेब आणि मागे हाजी.

"साहेब, मावशीच्या आजारपणासाठी गेले होते," नजला म्हणाली. "घर सोडलेलं नाही."

"मग हे पुरुषाचे कपडे?" हाजी गरजले. "पोटभाडेकरू ठेवलाय हिनं!" त्यांनी बाल्कनीत जाऊन निळा शर्ट खसकन ओढला. कॉलरवर लाल दोऱ्याची शिवण होती, त्यांच्याच बायकोच्या हातची. हाजींनी शर्ट कठड्यावर टाकला.

"माझा आहे, बाबा," वाइल पलीकडून म्हणाला.

साहेबांनी घर बघितलं, चूल बघितली, मोगरा बघितला आणि मिशीत हसले. "हाजी, हा दावा टिकायचा नाही."

"घर मिळवायला निघालो," हाजींनी कपाळावर हात मारला, "आणि पोरगाच हातचा गेला!" साहेबांपाठोपाठ ते तणतणत जिना उतरले.

आपापल्या बाल्कनीत दोघंच उरली.

"आता... काढू का कपडे?" वाइलनं हळूच विचारलं.

नजलानं निळा शर्ट झटकला, पुन्हा दोरीवर टाकला आणि दोन्ही खांद्यांना चिमटे लावले. "हे घर मी सोडणार नाही हं. कुणासाठीच नाही."

"नको सोडूस. मी येतो ना इकडे..."

खालून उम्म हाशिम ओरडली, "नजला! सरबत कधी गं?"

नजला कठड्यावरून वाकली. गाल पेटले होते, पण आवाज खणखणीत होता.

"शुक्रवारी या, उम्म हाशिम!"