प्रितमची हाक

ज्यांना ही बनवलेली गोष्ट वाटेल, त्यांनी भिवंडीजवळ शेलारला जाऊन ते घर बघून यावं. वरच्या मजल्याच्या खिडक्यांभोवतीची काजळी अजून तशीच आहे. रंग दिला तरी खालून वर येते.

उन्नती माझी मावसबहीण. जे घडलं ते तिच्या बाबतीत घडलं आणि मी ते तिच्याच तोंडून ऐकलंय. तिचा धाकटा भाऊ प्रितम, म्हणजे माझाही मावसभाऊच. त्यामुळे लिहिताना हात अडतो. पण उन्नती म्हणाली, "लिही. नावं बदलू नकोस."

म्हणून लिहितोय.

मागच्या एप्रिलमधली दुपार.

हो, दुपारच. अमावस्या नव्हती, वादळ नव्हतं. टळटळीत ऊन होतं आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

उन्नतीचं घर वरच्या मजल्यावर. खालचा गाळा तिच्या सासऱ्यांनी, केसरीनाथांनी, भाड्याने दिलेला. आमच्याकडे अशी घरं पुष्कळ. खाली गोडाऊन, वर संसार. गाळ्यात पॅकिंगचा माल होता. खोके, थर्माकोल, प्लॅस्टिकचे रोल, पार छताला टेकलेले.

उन्नतीला त्या मालाची कायम धास्ती. तिने प्रितमला तसं बोलून दाखवलं. त्याचं पडघ्याला इलेक्ट्रिकचं दुकान आहे. भाऊबीजेला तो चार स्मोक अलार्म घेऊन आला आणि स्वतः स्टुलावर चढून त्याने ते छताला बसवले.

"साडी काय कोणीही देतं, ताई," तो म्हणाला. "मी तुला निवांत झोप देतोय. जरा धूर झाला ना, तर असा कोकलेल की अख्खा शेलार उठून बसेल."

प्रत्येकात एक बारीक लाल दिवा होता. लुकलुकायचा. उन्नती झोपताना त्याच्याकडे बघायची. भाऊच पहाऱ्याला बसलाय असं वाटायचं तिला.

त्या दुपारी सासू-सासरे हळदीला गेले होते. नवरा, सार्थक, ड्युटीवर. घरात उन्नती आणि तिची सहा वर्षांची दिशा. दोघी जेवून आडव्या झाल्या.

आधी पंखा बंद पडला.

उन्नतीला झोपेतच ते जाणवलं. लाईट गेली असेल म्हणून ती कुशीवर वळली. मग कसलातरी उग्र वास आला. तोही तिला स्वप्नातलाच वाटला. डोळे उघडत नव्हते. अंग जड झालं होतं.

आणि मग...

"ताई."

अगदी कानाशी.

"ताई, ऊठ. दिशाला घे."

प्रितमचा आवाज. शंभर टक्के त्याचाच. उन्नतीने डोळे उघडले तर समोर काहीच नाही. काळा धूर. भिंत नाही, दार नाही, खिडकी नाही. तिने चाचपडत दिशाला ओढलं, पोटाशी धरलं आणि खाली वाकली.

खोकता खोकता तिने एकदा वर पाहिलं.

धुरातून तो लाल दिवा दिसत होता. नेहमीसारखा लुकलुकत होता. शांतपणे.

वाजत मात्र नव्हता.

चारही खोल्यांत एकही अलार्म वाजत नव्हता. खालून काचा तडकल्याचा आवाज येत होता, कुठेतरी प्लॅस्टिक चरचरत होतं... आणि छतावरचे चारही डबे मुके.

"ताई, इकडे."

आवाज आता स्वयंपाकघराच्या बाजूने आला. ती रांगत निघाली. फरशी चटका देत होती. ती पुढे सरकली की आवाजही पुढे सरकायचा. "इकडे... इकडे ये." तिने हात लांब केला. हाताला कोणी लागलं नाही.

एक गोष्ट तिला तेव्हाच खटकली होती, असं ती सांगते. दिशा खोकत होती. उन्नतीला स्वतःला श्वास घेता येत नव्हता. पण तो आवाज एकदाही खोकला नाही.

स्वयंपाकघराचं मागचं दार गच्चीवर उघडतं. त्याची कडी इतकी घट्ट की सार्थकशिवाय कोणाला सरकायची नाही.

दार सताड उघडं होतं.

दोघी गच्चीत येऊन पडल्या. शेजाऱ्यांनी शिडी लावली, दिशाला खांद्यावर घेतलं, उन्नतीला उतरवलं. तोवर बंब आला होता.

खाली येताच उन्नतीने विचारलं, "प्रितम कुठाय?"

शेजारी एकमेकांकडे बघायला लागले. "कोन प्रितम? वर तुमी दोघीच होत्या."

दिशा म्हणाली, "मामा होता. मामाने हाक मारली."

दोघींना हॉस्पिटलमध्ये नेलं. संध्याकाळी प्रितम तिथे आला. घसा पार बसलेला. तोंडातून नुसती फुसफुस. नातेवाईक जमलेच होते. उन्नतीने सगळ्यांसमोर त्याचा हात धरला आणि ती रडायला लागली. "तू हाक मारलीस म्हणून वाचलो रे."

प्रितमने तिच्याकडे पाहिलं, जमलेल्या सगळ्यांकडे पाहिलं.

मग त्याने होकारार्थी मान हलवली.

"शेलारला माल द्यायला आलो होतो," तो कसाबसा बोलला. "अलार्म ऐकला. तसाच वर धावलो. धूर गेला घशात."

"अलार्म वाजला नाही, प्रितम."

"वाजला, ताई. तू बेशुद्ध होत होतीस. तुला कुठून कळणार?"

सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. बहिणीसाठी आगीत शिरलेला भाऊ! त्यांच्या आईने तर त्याची दृष्ट काढली. आणि उन्नतीने स्वतःच्या कानांना खोटं ठरवलं. आपल्यालाच ऐकू आलं नसेल, असं मनाला पटवलं. कारण सांगणारा तिचा भाऊ होता.

आग विझली. उरलंसुरलं सामान काढायला सार्थक वर गेला. दिशाच्या खोलीतला अलार्म काळा पडला होता, पण वितळला नव्हता. तो त्याने काढून आणला. उन्नतीने सुरीचं टोक घालून झाकण उचकटलं.

आत एक सेल होता. एक वायर. एक बारीक दिवा.

बास.

भोंगा नाही. धूर ओळखायचं काही नाही. रिकामा डबा... लुकलुकणारा.

ती तशीच पडघ्याला गेली. दुकानात प्रितमची बायको, हर्षला, होती. उन्नतीने तो डबा काउंटरवर ठेवला. हर्षलाच्या चेहऱ्याचा रंगच उतरला.

"त्या दुपारी प्रितम शेलारला कधी आला होता?" उन्नतीने विचारलं.

हर्षलाने डबा उलटा करून ठेवला. मग हळूच म्हणाली, "ते आलेच नव्हते, ताई. दुकानातच होते."

"मग घसा?"

"इथेच... गिऱ्हाइकाला पंखा दाखवत होते. बोलता बोलता आवाज गेला. तोंड हलतंय आणि आवाज नाही. मी पाणी दिलं, खुर्चीत बसवलं. घाबरलो आम्ही. तेवढ्यात फोन आला, तुमच्याकडे आग लागली म्हणून." ती रडायला लागली. "सगळे त्यांचं कौतुक करत होते. मी गप्प बसले. चुकलंच माझं."

प्रितम मागच्या दारात येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"डेमो पीस होते," तो फुसफुसला. "गिऱ्हाइकाला दाखवायचे. भाऊबीज तोंडावर आली, खरा माल आला नव्हता. म्हटलं नंतर बदलू. मग राहून गेलं."

"दिशाच्या खोलीत तरी खरा लावायचास रे."

त्याने डब्याकडे हात नेला. उन्नतीने तो मागे ओढला.

"आणि हॉस्पिटलमध्ये? माझा हात हातात घेऊन खोटं बोललास. कशासाठी? मी डबे उघडून बघू नयेत म्हणून?"

त्याने ओठ हलवले. काही ऐकू आलं नाही.

उन्नती तिथून निघाली. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

प्रितमचा आवाज परत आला नाही. कल्याणला दाखवलं, ठाण्याला दाखवलं. घशात काही दोष नाही म्हणतात. कुजबुजतो तेवढंच.

उन्नती आता दुसऱ्या घरात राहते. तिथे खरे अलार्म आहेत. दर महिन्याला ती स्वतः स्टुलावर चढते, एकेकाचं बटण दाबते आणि तो कर्कश आवाज कानाशी ऐकते. मगच खाली उतरते. हे काम ती सार्थकलाही करू देत नाही. विश्वास टाकायचं तिचं धाडसच होत नाही.

गोष्ट इथेच संपली असती.

मागच्या महिन्यात, रविवारी दुपारी, पडघ्याहून उन्नतीला तिच्या आईचा फोन आला. आई आनंदाने रडत होती.

"अगो पोरी, प्रितमला आवाज आला! आताच वरनं हाक मारली त्यानं. कसा खनखनीत! बोलला, आई, भायेर ये. हर्षलाला पन हाक मारली, पोराला पन..."



"आई, प्रितम कुठाय आत्ता?"

"हा काय, माझ्यासमोर हाय. जेवतोय..."

आणि आई एकदम थांबली.

फोनवर नुसता भांड्यांचा आवाज. मग तोही थांबला.

"आई, ऊठ," उन्नती ओरडली. "सगळे बाहेर व्हा. आत्ताच्या आत्ता. काही घ्यायला थांबू नका!"

सगळे बाहेर आले. भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभे राहिले. उन्नतीने फोन कानाला लावून ठेवला होता. हायवेवरचे ट्रक ऐकू येत होते. पोराचं रडणं ऐकू येत होतं.

काहीच झालं नाही.

धूर नाही, वास नाही. शेजाऱ्याने आत जाऊन मीटर बघितला, सिलेंडर बघितला. सगळं ठीक.

मग फोन कोणीतरी आईच्या हातातून घेतला. आधी नुसता श्वास ऐकू आला. कितीतरी महिन्यांनी प्रितम बहिणीशी बोलत होता.

"ताई... त्याने आईला बोलावलं. हर्षलाला बोलावलं. पोराला बोलावलं."

"हं."

"मी तिथेच बसलो होतो, ताई. माझं नाव नाही घेतलं त्याने."

उन्नतीने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सार्थकच्या हाती तिने पडघ्याला एक चालू अलार्म पाठवला. आईच्या खोलीत लावायला.

ते सगळे अजून त्याच घरात राहतात. प्रितम दुपारचा झोपत नाही, असं हर्षला सांगते.

हे सगळं सांगून झाल्यावर उन्नतीने मला विचारलं, "माझ्या जागी तू असतास तर काय म्हणाला असतास त्याला?"