पुलाची डावी बाजू

इस्लापूरच्या पुढच्या ओढ्यावर एक झुलता पूल आहे. त्यावरून एका वेळी किती माणसांनी जावं, हे ग्रामपंचायतीला पाटीवर लिहायचं होतं. त्यासाठी नांदेडहून कॉलेजच्या प्रियदर्शनी मॅडम आल्या होत्या.

प्रियदर्शनीनं पुलाच्या दोन्ही कडांना सेन्सर बांधले. गावकऱ्यांकडून मध्यावर वाळूची पोती ठेवून घेतली, हलवून घेतली. पूल किती वाकतो, डुलला की किती वेळानं थांबतो, सगळं टिपलं. एवढं कळलं की पुलाचा स्वभाव कळतो. मग वर कोण आहे ते बघायचीही गरज नाही. नुसत्या वाकण्यावरून लॅपटॉप वजन सांगतो, उजव्या कडेला किती आणि डाव्या कडेला किती. कॉलेजातली पोरं तिला मागून वजनकाटा म्हणायची, आणि तिला ते मनातून आवडायचं.

शेवटची खात्री म्हणून ती स्वतः मध्यावर जाऊन उजव्या कडेला उभी राहिली. पूल उजवीकडे कलला. परत येऊन पाहिलं तर उजवीकडे साठ, डावीकडे शून्य. अगदी बरोबर.

आपलं वजन साठ, हे तिला कालच कळलं होतं. आईच्या औषधाचा डोस वजनावर ठरणार होता आणि आईला तर उभंही राहवत नव्हतं. म्हणून आईला उचलून घेऊन तीच दवाखान्याच्या काट्यावर चढली. दोघींचं मिळून एकशे सहा. आपले साठ वजा केले, आईचे शेहेचाळीस उरले.

"एवढीशीच राहिले का गं मी?" आई हसून म्हणाली होती.

आज सकाळी पलीकडे रस्त्यावर गाडी लावताना भावाचा, प्रेमचा, फोन आला. "ताई, आई सारखी तुझंच नाव घेऊन राहिली. दुपारपर्यंत ये."

"येतेच," ती म्हणाली. ओढ्यापाशी उतरल्यावर रेंज गेली.

पुलाच्या गावाकडच्या तोंडाशी सरजाबाई बोरं विकायला बसायच्या. लांब केलेले पाय पुलाच्या डाव्या अर्ध्या वाटेत. प्रियदर्शनी गेली तेव्हा म्हातारीनं ते हलवलेसुद्धा नाहीत. ही आपली उजवीकडून गेली.

मग केरबा दुधाची कॅन घेऊन आले. सरजाबाईंनी पाय आखडून घेतले. केरबा एकटेच, अख्खा पूल मोकळा, तरी उजव्या कठड्याला घासून चालत गेले. पूल कलायला हवा होता. जेमतेम कलला. उजवीकडे एकाहत्तर, डावीकडे पंचावन्न.

डावीकडे कोणी नव्हतं.

सेन्सरची तार ढिली असेल, म्हणून तिनं सगळ्या तारा काढून पुन्हा जोडल्या. तेवढ्यात शाळेला निघालेली पुनम आली. पाठीला दप्तर, दोन वेण्या. सरजाबाईंनी पुन्हा पाय घेतले. पोरगी उजव्या कडेनं निघाली आणि पूल डावीकडे कलला. लॅपटॉपची गरजच नव्हती, डोळ्यांना दिसत होतं. उजवीकडे एकतीस, डावीकडे अडुसष्ट.

प्रियदर्शनीचं डोकं चक्रावलं. तिनं उजव्या कडेला पन्नास किलोचं पोतं ठेवून पाहिलं. उजवीकडे पन्नास, डावीकडे शून्य. सेन्सर ठीक होते, गणितही ठीक होतं. मग चुकत काय होतं?

ती सरजाबाईंजवळ जाऊन बसली. "आजी, सगळे उजवीकडूनच का चालतात?"

"रीतच हाय तशी."

"पुनमसोबत कोण होतं?"

"कोन असंल? एकलीच. बाप गेल्यापासून लेकरू एकलंच जातंय."

"मग तुम्ही पाय का घेतले?"

म्हातारीनं एक किडकं बोर बाजूला टाकलं. "वाटंत पाय असल्यावर घ्यावंच लागतेत की, बाई."

"मी गेले तेव्हा नाही घेतले."

"तवा तुमाला जागा हुती."

अकरा वाजून गेले होते. आता निघायलाच हवं होतं. पण असे आकडे घेऊन ती अहवालात लिहिणार काय? वीस माणसं म्हणजे वीस की चाळीस? तिला स्वतःचाच राग आला. एकच फेरी, मग सरळ नांदेड, असं म्हणून ती उठली आणि तरातरा मध्यावर जाऊन उजव्या कडेला उभी राहिली.

पूल कलेल म्हणून तिनं कठडा धरला.

थोडासाच कलला.

सकाळइतका नाही.

ती परत आली. पडद्यावर ऊन पडलं होतं, हातानं सावली करून वाचावं लागलं.

उजवीकडे साठ.

डावीकडे शेहेचाळीस.

तिनं फोन काढला. रेंज नव्हती. तिला रडू आलं नाही, नुसतं काही कळेनासं झालं. तिनं लॅपटॉप पिशवीत घातला. सेन्सर पुलावरच राहिले.

गाडी पलीकडे होती. पुलाच्या तोंडाशी आली तेव्हा सरजाबाईंचे पाय आधीच आखडलेले होते.

प्रेमला फोन लावायचा होता, धावत सुटावंसं वाटत होतं. तरी उजव्या कठड्याला धरून ती अगदी सावकाश चालत गेली. आईला भरभर चालवत नसे.