सुताराच्या गोळ्या

सुतार रडतच मावशींच्या घरी आला. तपासणीत शुक्रजंतू शून्य निघाले होते आणि बायकोने माहेरी जायला बॅग भरली होती.

“मूल होईना, त्या काळजीनं अंगातला जोरच गेला. महिनाभर चोरून मर्दानगीच्या गोळ्या घेतोय. औषधवाल्यानं बनावट दिल्या असणार. त्याला सोडत नाही!”

“आधी पाणी प्या,” मावशी म्हणाल्या. शोधकामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. जोडीदार मास्तरांच्या डोक्यात मात्र प्रकाश जरा उशिरा पडे.

औषधवाल्याने गोळ्यांचं पाकीट पुढे सरकवलं. “खुशाल तपासून आणा.”

मग व्यायामशाळा. मालक सुताराचा जिवलग मित्र. दारातच सुताराचा उघडा फोटो होता: ‘वर्षभरात असे खांदे!’

“तुम्ही त्यांना गोळ्या दिल्या?” मावशींनी विचारलं.

मालक उखडला. “मी कुणाला गोळ्या देत नाही, जेल देत नाही!”

घरी सुताराची बायको हनुवटीवर ओढणी धरून बसली होती. आवाज घोगरा झाला होता.

“करवत ओढून खांदे दुखतात त्यांचे. वर्षभर रोज मलम चोळून देते. माझी पाळी चुकते, आशा लागते, मग काहीच नाही. आता नाही सोसवत.”

मास्तरांनी बिननावाची ट्यूब हुंगली. “मलम कसलं? स्पिरिटचा वास येतोय.”

मावशींनी सगळ्यांना सुताराच्या कारखान्यात बोलावलं.

“गोळ्या अस्सल निघाल्या. अशा गोळ्यांनी शुक्रजंतू शून्यावर येत नाहीत. शिवाय ते तयार व्हायलाच अडीच-तीन महिने लागतात, गोळ्या महिन्याभराच्या. घोळ आधीचा आहे.”

“मग कशानं?” मास्तर म्हणाले.

“या मलमानं. हे पुरुषी संप्रेरकाचं जेल आहे. बाहेरून मिळालं की शरीर शुक्रजंतू बनवणं थांबवतं. घरात सगळे मलम म्हणतात. मी फक्त गोळ्यांचं विचारलं, तेव्हा जेल कुणाच्या तोंडून निघालं?”

मालकाची मान खाली गेली. “दुखण्याचं मलम म्हणून मीच दिलं. खांदे भरले असते, व्यायामशाळेचं नाव झालं असतं...”

“आणि चोळणारे हात कुणाचे? तेच जेल तळव्यांतून त्यांच्याही अंगात भिनलं.”

बायकोच्या हातून ओढणी सुटली. हनुवटीवर काळी लव होती.

“म्हणजे मीच, माझ्या हातांनी...”

“तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. जेल आजच बंद. दोघंही डॉक्टरांकडे जा. बहुतेकदा सुधारतं, पण महिने लागतात. खात्री मी देणार नाही.”

सुताराने बायकोला नळाशी नेलं आणि साबण लावून तिचे तळवे धुऊ लागला. पुन्हा पुन्हा, ती रडत “पुरे” म्हणेपर्यंत.