बारीकशी खरखर

ती निघाली होती चपलेचा तुटलेला अंगठा शिवून घ्यायला. शिवणारा नेमका सुट्टीवर. पाय फरफटवत ती मागे फिरली, तर शेजारच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून आवाज आला, "हे साउंड कार्ड घेऊ नका हो काका, महाग आहे आणि वर बहिरं आहे."

स्वतःच्याच मालाला नावं ठेवणारा दुकानदार! ती थबकली. साउंड कार्ड तर तिलाही हवंच होतं. अंध श्रोत्यांसाठी ती घरी बसून पुस्तकं वाचायची, रेकॉर्ड करायची. आणि परवाच ग्रंथालयाने तिची अख्खी कादंबरी परत पाठवली होती. वाचन गोड आहे म्हणे, पण मागे सतत कोणीतरी काहीतरी तळतंय असं वाटतं. जुन्या कार्डाची खरखर, दुसरं काय.

ती आत गेली. रस्त्यावरचे सगळे त्या दुकानदाराला कानसेन म्हणायचे. का, ते तिला लगेच कळलं.

पहिलं कार्ड

काउंटरवर पोट उघडं टाकलेला एक कॉम्प्युटर. कानसेनने त्यात कार्ड बसवलं, डोक्यावरचा पंखा बंद केला आणि हेडफोन पुढे केला.

"कोणतं गाणं लावताय?"

"गाणं नाही. शांतता ऐका."

"अं?"

"गाणं सगळं झाकून टाकतं. कार्डाचा खरा स्वभाव कळतो तो काही वाजत नसताना. माणसांचंही तसंच..." एवढं बोलून तोच लाजला आणि उगाच माउस हलवू लागला.

"हां! आत्ता डास गुणगुणला. तुम्ही माउस हलवलात की गुणगुणतो."

त्याने चमकून वर पाहिलं. "हे ऐकू येतं तुम्हाला?"

"भिंतीला कान असतात ना, आमच्या घरी ते माझेच."

तो हसला. हसताना त्याचा डावा गाल जरा मागून यायचा, उशीर झाल्यासारखा.

"मग हे नाहीच देणार तुम्हाला. दुसरं मागवतो. याल ना पुन्हा?"

दुसरं

पंखा बंद. उकाडा. त्याच्या कानशिलावरून घामाचा एक थेंब निघाला, रेंगाळला... ती त्याच्याकडे बघत ऐकत राहिली.

काहीच नाही. डास नाही, तळण नाही. विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं निवांत.

हेच ते. आता पैसे द्यायचे, खोकं पिशवीत टाकायचं, घरी जायचं.

आणि मग? मग या दाराशी यायला निमित्त काय?

"खरखर आहे," ती म्हणाली.

"आहे?"

"बारीकशी..."

मग झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसं त्याने ते कार्ड खोक्यात ठेवलं. "मग नको. तिसरं बघू."

मध्येच, वहिनी

"काय गं, कार्ड निवडतेयस की स्थळ?"

"वहिनी, उगाच काय!"

"ऐकणारे तिकडे कादंबरीची वाट बघतायत, आणि हिला काही पसंतच पडेना."

"मनासारखं मिळायला नको?"

"मनासारखं मिळालेलं दिसतंय मला. बिल तेवढं व्हायचंय."

तिसरं

"आवाज जरा... चकचकीत वाटतो."

"चकचकीत."

"घासलेल्या भांड्यासारखा."

"बरं," तो म्हणाला. डावा गाल उशिरा हलला. "चौथं बघू."

चौथं

त्याने एक मोठं खोकं काउंटरवर ठेवलं, कॉम्प्युटरच्या पोटात बराच वेळ खुडबुड केली, पंखा बंद केला. हेडफोन तिच्या कानांवर बसवताना तिची एक बट आत अडकली. त्याने ती एका बोटाने सोडवली... आणि बोट लगेच मागे घेतलं. तिला पंखा सुरू व्हावासा वाटला. व्हायला नकोसाही वाटला.

"काय ऐकू येतंय?"

तिने डोळे मिटले. "खरखर. बारीकशीच, पण आहे."

तिने डोळे उघडले. त्याने मूठ उघडली. हेडफोनची पिन त्याच्या तळहातावर होती. ती कशालाच जोडलेली नव्हती.

धरणी दुभंगून पोटात घेते म्हणतात. तिच्या वेळी नेमकी घेत नाही.

"ते... दुसरं कार्ड आहे का अजून?" कसंबसं ती म्हणाली.

"आहे. कुणाला दिलं नाही."

तिने पैसे ठेवले, खोकं उचललं आणि मागे न बघता निघाली. तो काहीतरी म्हणाला बहुतेक. एवढे तिखट कान, पण त्या वेळी तिला फक्त छातीतली धडधड ऐकू आली.

घरी

कार्ड उत्तम निघालं. कादंबरी नव्याने वाचून झाली, ग्रंथालयाने शाबासकी दिली. पण रेकॉर्डिंग ऐकताना तिची दोन वाक्यांमध्ये गडबड व्हायची. वाक्य संपलं की ती लख्ख, रिकामी शांतता यायची, आणि त्या शांततेत ती एकटीच बसलेली असायची. जुनी खरखर काय वाईट होती? निदान सोबत तरी होती.

निमित्तं पुष्कळ सुचली. वायर हवी. माइकला टोपी हवी. एकदा तर बरा चाललेला माउस तिने पिशवीत टाकला, त्याच्याकडे बघितलं आणि परत काढून ठेवला. पुन्हा खोटं? पकडली गेल्यावरही?

मग एका सकाळी ती उठली आणि रिकाम्या हाताने निघाली. पिशवीसुद्धा घेतली नाही.

काही नाही

"या," कानसेन म्हणाला. "कार्ड बिघडलं?"

"नाही."

"वायर हवी?"

"नको."

"मग काय देऊ?"

"काही नको." तिने काउंटरची कड धरली. "काहीच नकोय मला इथलं. तरी आलेय. खरं सांगायचं तर, दुसऱ्या वेळेपासून तशीच येतेय..."

त्याने हातातला पेचकस खाली ठेवला.

"त्या चौथ्या खोक्यात कार्ड नव्हतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"दाखवायची नवी कार्डं संपली होती. तिसऱ्यालाच. पण तुम्ही येणार होतात ना... म्हणून रिकामं खोकं ठेवलं."

"आणि मला मात्र चोरासारखं पकडलंत!"

"पकडायचं नव्हतं हो. मला फक्त बघायचं होतं, तुम्हाला अजून यायचंय का."

रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची चेन सैल होती, आणि ते दोघांनाही एकदमच कळलं. दोघांनी एकदमच दाराकडे पाहिलं. मग एकमेकांकडे.

"बसा," तो म्हणाला. स्टूल पुढे सरकवलं, पंखा मोठा केला, आणि दारावर जेवणाच्या सुट्टीची पाटी लावून आला. सकाळ नुकतीच सुरू झाली होती.