मुक्ताबाईचे चार मीटर

"गुरुजी, भाईर या! पहार लागली माझ्या घराच्या भितीला!"

राधाकृष्ण गुरुजींच्या हातातला चहा बशीतच राहिला. दारात मुक्ताबाई धापा टाकत उभी होती. आठ दिवसांपूर्वी तिच्याच घराची लांबी गुरुजींनी पंचायतीच्या सांगण्यावरून मोजली होती. नकाशाप्रमाणे सोळा मीटर, जमिनीवर वीस. 'चार मीटर अतिक्रमण' असा शेरा मारून खाली झोकदार सही ठोकली होती. छत्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस! संगमनेर तालुक्यातल्या त्या गावात त्यांच्या आकड्यावर शंका घ्यायची कुणाची छाती?

"आता मी काय करणार?" गुरुजी म्हणाले.

"सासऱ्यानं बांधलेली भित हाय ती. हुती तिथंच हाय. मंग चार मीटर आलं कुठनं? सही तुमची हाय, तुमीच हुडका."

गुरुजींना रागच आला. चूक आणि त्यांची? तरी त्यांनी चपला पायात सरकवल्या.

ते पोहोचले तोवर शेवटच्या खोलीच्या भिंतीचे वरचे दोन थर उतरले होते. चूल उघड्यावर आली होती. तक्रार करणारा शेजारी आप्पासाहेब ट्रॉलीला वाट मिळणार म्हणून खुशीत होता. ग्रामसेवक चेतन हातात नकाशा घेऊन उभा होता.

"दहा मिनिटं थांबा," गुरुजींनी पहारवाल्यांना सांगितलं.

पहिला संशय टेपवर. पट्टी लावून तपासली, टेप निर्दोष. मग नकाशा. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, एक सेंटिमीटरला दोन मीटर. मुक्ताबाईच्या घराची रेघ आठ सेंटिमीटर. आठ दुणे सोळा. पुन्हा तेच!

"चेतन, हा कागद कुठला?"

"पंचायतीतलाच, गुरुजी."

"मूळ नकाशा हाच?"

"छे, तो कपाटात आहे. फाटायला लागलाय, म्हणून मी संगमनेरला नेऊन झेरॉक्स काढली."

"सगळा मावला एका कागदावर?"

"मावत नव्हता. पण दुकानदार हुशार, बरोबर बसवून दिला."

गुरुजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

"चेतन, टेपचं टोक धर. समोरच्या शाळेची भिंत मोजू."

शाळेच्या भिंतीची रेघ कागदावर सहा सेंटिमीटर, म्हणजे बारा मीटर. जमिनीवर भरली पंधरा.

"आयला, शाळाबी चोर निघाली की!" एक पहारवाला खिदळला.

"आता आप्पासाहेबांची."

"माझी कशापायी?" आप्पासाहेबांचा चेहरा उतरला.

कागदावर दहा सेंटिमीटर, म्हणजे वीस मीटर. जमिनीवर पंचवीस. आता कुणीच हसलं नाही.

"ऐका," गुरुजी म्हणाले. "दुकानदारानं नकाशा लहान करून बसवला. रेघा आखडल्या, पण 'एकाला दोन मीटर' हे अक्षर तसंच राहिलं. ते आता खोटं आहे. शाळेची सहा सेंटिमीटरची रेघ खऱ्यात पंधरा मीटर. म्हणजे एकाला अडीच. मग मुक्ताबाईंच्या आठला किती?"

"वीस," चेतन पुटपुटला.

"वीस. त्यांची भिंत आहे तिथंच बरोबर आहे."

"म्हंजे चूक त्या झेरॉक्सवाल्याची," आप्पासाहेब घाईनं म्हणाला.

हो म्हणून मोकळं व्हावं, असं गुरुजींना फार वाटलं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"नाही," ते म्हणाले. "गुन्हेगार मी. उत्तर आलं की ताळा करा, हे पोरांना छड्या मारून शिकवलं मी. दुसरी एक भिंत मोजली असती तरी बिंग फुटलं असतं. पण टेप उलगडली ती फक्त यांच्याच दारात."

"का?" मुक्ताबाईनं विचारलं. "दुसऱ्या कुनाची का न्हाई मोजली?"

गुरुजींची मान वर होईना.

"तुम्ही बौद्धवाड्यातल्या. तुमच्या नावापुढं चोरी आली, ती मला लगेच पटली. आप्पासाहेबांच्या नावापुढं आली असती, तर मी तीनदा मोजलं असतं." त्यांनी हात जोडले. "लाज वाटते मला. माफ करा."

मुक्ताबाईनं माफ केलं नाही. उतरवलेल्या दगडांकडे बघत ती म्हणाली, "आठ दिस झालं, नळावर गेले की बाया तोंड फिरवत्यात. हितं चार मान्सांत हात जोडून त्यांना काय कळनार? पंचायतीचा भोंगा हाय. त्याच्यावर सांगा."

पहारवाले दगड परत रचायला लागले. पंचायतीच्या खोलीत गुरुजी माईकपुढं बसले. मोजणी चुकली, चूक माझी, मुक्ताबाईंनी कुणाची वीतभर जागा घेतलेली नाही, असं त्यांनी गावाला सांगितलं. मग बटणाकडे हात नेला.

"अन् का चुकली त्ये?" दारातून मुक्ताबाई म्हणाली.

गुरुजींनी हात मागे घेतला, आणि तेही सांगितलं.